‘कम्युनिटी’ : एका शब्दाची उत्तर कोकणातील वाटचाल

रविवारच्या मिस्साच्या वेळी वाचल्या जाणाऱ्या सूचना आपण लक्षपूर्वक ऐकल्या, तर ‘कम्युनिटी’ हा इंग्रजी शब्द दोन-चार वेळा तरी कानांवर पडतो. बोईसरसारख्या औद्योगिक गावात मल्याळी कम्युनिटी, तमिळ कम्युनिटी असा उल्लेख येतो. सणाचा कार्यक्रम कम्युनिटी हॉलमध्ये व्हायचा असतो. आणि शेवटी आपण सर्व मिळून एकच कम्युनिटी आहोत, असे आवाहनही असते. एकाच सूचनापत्रात हा शब्द कधी भेद सांगतो, तर कधी ऐक्य. मराठीत समाज, समुदाय, जमात, ज्ञाती, मंडळी असे कितीतरी शब्द आहेत. परंतु त्यांपैकी एकही या सर्व ठिकाणी चालत नाही. ही केवळ भाषांतराची अडचण नव्हे. गेल्या दीडशे वर्षांत या एका शब्दाच्या आधारे आमच्या किनाऱ्यावरची माणसे मोजली गेली, वाटली गेली, हलविली गेली आणि क्वचित जोडलीही गेली. त्याचा धागा प्रस्तुत लेखात उलगडण्याचा आमचा प्रयत्न आहे.

शब्दाचे मूळ लॅटिन आहे. ‘कोम्युनिस’ म्हणजे सामाईक. त्याच्या पोटात ‘मुनुस’ हा दुसरा शब्द दडलेला आहे आणि त्याचा अर्थ कर्तव्य, भार, तसेच देणगी असाही होतो. म्हणजे मुळात हा शब्द एकसारख्या माणसांच्या गटाचा नसून, एकच भार मिळून वाहणाऱ्यांच्या नात्याचा आहे. आपल्या नित्य परिचयाचा ‘कम्युनियन’ हा शब्द याच कुळातला.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर तो प्रथम आला पोर्तुगीज वेषात. गोव्यातील जुन्या गावकारी संस्थेला पोर्तुगीजांनी ‘कोमुनिदाद’ म्हटले. गावची जमीन सामाईक, बांधबंदिस्ती सामाईक, देवस्थानाचा खर्च सामाईक, अशी ती व्यवस्था होती. १५२६ साली अफोन्सो मेशिया याने तिचे रीतिरिवाज फोरालात नोंदविले. उत्तर कोकणात मात्र वेगळे घडले. १५३४ साली वसईचा मुलूख हाती आल्यावर पोर्तुगीजांनी येथील गावे वार्षिक फाळा ठरवून आपल्या सरदार-दरकदारांना दिली. पुढे जानेवारी १७३९ मध्ये चिमाजी आप्पांच्या फौजेने तारापूरचा किल्ला घेतला, मे महिन्यात वसई पडली, आणि येथील पोर्तुगीज सत्ता संपली. गोव्यात हा शब्द जमिनीत रुजला. आमच्याकडे तो केवळ उपासनेपुरता राहिला.

त्यानंतर तो परतला तो इंग्रजीतून, आणि आता त्याच्या हातात नोंदवही होती. सरकारला प्रजा ओळखायची होती, तीही गटागटाने. मुंबई-साष्टी-वसईकडच्या मूळच्या ख्रिस्ती लोकांना तोवर ‘पोर्तुगीज’ म्हणत. गोव्याहून आणि मंगळूरहून नोकरीसाठी आलेले ख्रिस्ती बांधव त्याच नावाने ओळखले जाऊ लागले, तेव्हा वेगळे नाव घेणे येथील मंडळींना निकडीचे वाटले. १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, ‘ईस्ट इंडियन’ हे नाव स्वीकारून बॉम्बे ईस्ट इंडियन असोसिएशन स्थापन झाली. धर्म तोच, चर्च तेच; तरीही कम्युनिटी निराळी.

योगायोग असा की, त्याच १८८७ साली जर्मनीत फर्डिनांड टोनीज या समाजशास्त्रज्ञाचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. रक्ताचे, शेजाराचे आणि सवयीचे नाते एकीकडे व कराराचे, हिशोबाचे नाते दुसरीकडे, अशी विभागणी त्याने केली. इंग्रजीत पहिल्याला ‘कम्युनिटी’ आणि दुसऱ्याला ‘सोसायटी’ म्हटले जाऊ लागले. आमच्या पूर्वजांचे उदाहरण मात्र या दोन कप्प्यांत सरळ बसत नाही. नाते शेजाराचे आणि बोलीचे होते. पण त्याला नाव आणि असोसिएशन मिळाली ती सरकारदरबारच्या हिशोबामुळे. कम्युनिटी आधीपासून असते आणि मागाहून तिची नोंद होते, असे आपण समजतो. पुष्कळदा नोंदीच्या निमित्तानेच ती घडते.

दुसरे उदाहरण आमच्या पारशी शेजाऱ्यांचे. संजाणपासून तारापूरपर्यंतचा हा किनारा त्यांच्या इतिहासाशी जडलेला आहे. रतनजी दादाभाई टाटा यांच्या फ्रेंच पत्नी सुझान यांनी जरथुष्ट्री धर्माची दीक्षा घेतली होती. पारशी विश्वस्त निधींचा लाभ त्यांना मिळू शकतो काय, हा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला. १९०८ साली न्यायमूर्ती दावर आणि बीमन यांनी निर्णय दिला तो असा : धर्म स्वीकारता येतो, पण त्याने पारशी कम्युनिटीत प्रवेश मिळत नाही, तेथे प्रश्न वंशाचा आहे. धर्म एक आणि समाज दुसरा, ही रेघ कोर्टाने ओढली. इंग्रजी शब्दाच्या अर्थात इंग्रजी कायद्याने असा आपल्याकडचा जन्माधार भरला, म्हणजे त्याला जवळजवळ ‘ज्ञाती’ करून टाकले.

यापुढची पायरी अधिक दुःखद आहे. रेमंड विल्यम्स या वेल्श समीक्षकाने १९७६ साली शब्दांच्या अर्थेतिहासावर लिहिताना असे निरीक्षण नोंदविले की, कम्युनिटी हा शब्द सहसा वाईट अर्थाने वापरलाच जात नाही. भारतातील वाचकाला येथे अडखळल्यासारखे होते. कारण त्याच शब्दाचे विशेषण ‘कम्युनल’ आपल्याकडे दंगलीच्या बातमीत भेटते. १९३२ सालच्या कम्युनल अवॉर्डला मराठी वृत्तपत्रांनी ‘जातीय निवाडा’ म्हटले. विभक्त मतदारसंघांच्या त्या वाटणीत भारतीय ख्रिस्ती लोकांनाही वेगळ्या जागा मिळाल्या होत्या.

मग स्वतंत्र भारतात त्यांचे काय करायचे? मे १९४९ मध्ये संविधान सभेने धार्मिक अल्पसंख्याकांसाठी राखीव जागा न ठेवण्याचा निर्णय घेतला. अल्पसंख्याकविषयक उपसमितीचे अध्यक्ष हरेंद्रकुमार मुखर्जी हे स्वतः ख्रिस्ती होते. येशूसंघीय फादर जेरोम डिसोझा यांनीही या निर्णयाला पाठिंबा दिला. धर्म, भाषा आणि शिक्षणसंस्था यांची हमी घटनेत राहिली. मतपेटीची भिंत मात्र गेली. आपल्या हक्काच्या जागा सोडून देणे हा त्या पिढीने उचललेला ‘मुनुस’ होता, असे आम्हांस वाटते. त्याची आठवण आपल्या व्यासपीठांवरून फारशी निघत नाही, ही खंत आहे.

स्वातंत्र्यानंतर शब्दाने पुन्हा कूस बदलली. २ ऑक्टोबर १९५२ रोजी देशात सामुदायिक विकास कार्यक्रम सुरू झाला. आता कम्युनिटी म्हणजे सारे गाव. जात नाही, धर्म नाही. परंतु १९५७ साली बलवंतराय मेहता समितीला आढळले की, योजना सरकारी राहिली, लोकांची झाली नाही. त्या कार्यक्रमाच्या ‘कम्युनिटी डेव्हलपमेंट ब्लॉक’मधील कोणता शब्द आपल्याकडे टिकला, हे पाहण्यासारखे आहे. पंचायत समितीत आजही बसतात ते गटविकास अधिकारी. ‘ब्लॉक’चा गट झाला, कम्युनिटी वाटेत गळून पडली.

तारापूरला तर गावेच उठली. अणुऊर्जा केंद्राच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ साली सुरू झाल्या. तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी पोफरण व अक्करपट्टी येथील लोकांना स्थलांतर करावे लागले. त्या भट्ट्या २००५-०६ मध्ये वीज देऊ लागल्या. पुनर्वसनाचा वाद उच्च न्यायालयापर्यंत गेला. देशाला विजेची गरज होती, हे आम्ही नाकारीत नाही. तथापि, पुनर्वसनाच्या कागदावर मोजणीचे एकक असते खातेदार आणि कुटुंब. घराला घर देता येते. पण होडी ओढण्याची जागा, जाळी सुकविण्याचे आवार, विहिरीची वाट, शेजार आणि एकमेकांच्या अडीअडचणीला धावण्याचा अलिखित करार, यांना सातबाऱ्यावर रकाना नसतो. अहवालांत ‘स्थानिक कम्युनिटी’चा उल्लेख वारंवार येतो, भरपाई मात्र सुट्या माणसांची होते.

यास एक सन्मान्य अपवाद आहे. अनुसूचित क्षेत्रांसाठीच्या १९९६ सालच्या पेसा कायद्याने गावाची व्याख्या करताना म्हटले की, परंपरेनुसार आपला कारभार पाहणारी कम्युनिटी जेथे वसते, ते गाव. मग तो एखादा पाडा का असेना. २००६ च्या वनहक्क कायद्याने तिला सामूहिक हक्क दिला. पालघर तालुक्याचा काही भाग आणि डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, विक्रमगड हे तालुके या क्षेत्रात येतात. म्हणजे आमच्या जिल्ह्यातील वारली पाड्याला जी सामुदायिक ओळख कायद्याने मिळू शकते, ती पोफरण-अक्करपट्टीला लाभली नाही. शब्द तोच, तो कोणाच्या हाती किती बळ देतो, यावर सारे अवलंबून आहे.

शेवटी पालघरच्या पाचबत्तीकडे वळू. १४ ऑगस्ट १९४२ रोजी तेथे मोर्चावर गोळीबार झाला आणि पाच जण हुतात्मे झाले : पागधरे, ठाकूर, तेवारी, चुरी आणि मोरे. सातपाटी, नांदगाव, पालघर, मुरबे आणि सालवड अशी त्यांची पाच गावे. आमच्या भागातील कोणीही जुना माणूस आडनाव ऐकून समाज ओळखतो. पण त्या दिवशी जनगणनेच्या एका रकान्यात न मावणारी ही पाच माणसे एकाच मोर्चात चालत होती. त्यांच्या त्या सोबतीला कोणत्याही कार्यालयाने कम्युनिटी म्हटले नव्हते. लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ पाहता, तिला दुसरे नावही शोभत नाही.

म्हणून पुढच्या रविवारी सूचना ऐकताना आपण स्वतःला एवढेच विचारावे : ही ज्यांची नावे घेतली जात आहेत, त्यांच्याबरोबर आपण कोणता भार उचलतो? बोईसरच्या कारखान्यांतील परप्रांतीय कामगार, पुनर्वसन वसाहतीतील मच्छीमार आणि पाड्यावरचा वारली हे त्या प्रश्नात मोडतात की नाही? उत्तर ‘होय’ असेल, तर मराठीत प्रतिशब्द न सापडला तरी चालेल.