गेमिंग कन्सोल टीव्हीला जोडताना कोणत्या सेटिंग्ज ठेवाव्यात?

मीरा रोड-भाईंदरच्या वन बीएचकेमध्ये हॉलमधला टीव्ही सगळ्या घराचा असतो. त्यावर मालिका लागते, क्रिकेट लागतं आणि रात्री प्लेस्टेशन किंवा एक्सबॉक्सही चालतो. मालिकेसाठी केलेली सेटिंग गेमला मात्र चालत नाही. बटण दाबल्यावर खेळाडू उशिरा हलतो, अंधारातलं काही दिसत नाही आणि ‘टीव्हीच बदलायला हवा’ असं वाटू लागतं. पैसे खर्च करण्याआधी पुढच्या गोष्टी तपासा.

गेम मोड का लावायचा?

चित्र गुळगुळीत आणि गडद दिसावं म्हणून टीव्ही प्रत्येक फ्रेमवर प्रक्रिया करतो. त्यात वेळ जातो. ६० फ्रेम्सच्या गेममध्ये एक फ्रेम जेमतेम १६.७ मिलिसेकंद टिकते, त्यामुळे हा उशीर हाताला लगेच जाणवतो. गेम मोड ही प्रक्रिया कमी करतो. टीव्हीत ‘एएलएलएम’ असेल तर कन्सोल सुरू होताच हा मोड आपोआप लागतो आणि बाकीच्यांची सेटिंग बिघडत नाही.

फोरके की १२० हर्ट्झ?

फोरके आणि १२० हर्ट्झ दोन्ही पूर्ण क्षमतेने हवे असतील तर टीव्हीत एचडीएमआय २.१ पोर्ट लागतो. त्याची क्षमता ४८ गिगाबिट प्रतिसेकंदापर्यंत असते, तर २.० ची १८. बऱ्याच टीव्हींमध्ये एक-दोनच पोर्ट २.१ चे असतात, म्हणून पोर्टशेजारचं लेबल वाचा. केबल कन्सोलसोबत आलेलीच वापरा.

हॉल लहान असेल तर?

सर्वसाधारण नजरेला ४३ इंची टीव्हीवरचे फुल एचडीचे ठिपके साडेपाच फुटांपलीकडून वेगळे दिसत नाहीत. सोफा सात-आठ फुटांवर असेल तर फोरकेचा फायदा कमीच जाणवतो. अशा वेळी गेममध्ये ‘क्वालिटी’ऐवजी ‘परफॉर्मन्स’ निवडल्यास हालचाल अधिक सफाईदार होते.

एचडीआर फिकट का दिसतं?

टीव्हीच्या मेनूत त्या एचडीएमआय पोर्टसाठी ‘एनहान्स्ड फॉरमॅट’ किंवा ‘इनपुट सिग्नल प्लस’ असा पर्याय असतो. ब्रँडनुसार नाव बदलतं. तो आधी सुरू करा. मग कन्सोलमधलं एचडीआर कॅलिब्रेशन पडदे ओढून करा, कारण खिडकीतून उन्हं येत असताना केलेलं माप रात्री चुकतं.

काळा भाग पूर्ण बुजतो?

कन्सोल आणि टीव्हीची आरजीबी रेंज जुळत नसावी. एकीकडे ‘फुल’ (० ते २५५) आणि दुसरीकडे ‘लिमिटेड’ (१६ ते २३५) असेल तर सावल्या गायब होतात किंवा चित्र धुरकट होतं. दोन्हीकडे ‘ऑटोमॅटिक’ ठेवा.

स्क्रीनच काळी पडली तर?

घाबरू नका. प्लेस्टेशन ५ पूर्ण बंद करा आणि दुसरी बीप येईपर्यंत पॉवर बटण दाबून धरा. सेफ मोड उघडेल. कंट्रोलर यूएसबी केबलने जोडून तिथून व्हिडिओ आउटपुट बदला.

एवढं करूनही चित्र अडखळत असेल, तरच नव्या टीव्हीचा विचार करा.