जोडे शिवणाऱ्याचा पुतळा

क्राकूव्हमधल्या माझ्या पहिल्याच हिवाळ्यात बुटाचा तळ उघडला. ऑनलाइन सेलमध्ये घेतलेले बूट. इथे रस्त्यावरचा बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकतात, ते खारट पाणी दोन महिन्यांत आत शिरलं. ऑफिसजवळच्या एका दुरुस्तीवाल्या आजोबांकडे गेलो. त्यांनी बूट उलटा केला, वाकवून पाहिला आणि परत दिला. तळ नुसता चिकटवलेला होता, नवा तळ शिवायला जागाच नव्हती.

मग त्यांनी फळीवरचा एक जुना पोलिश बूट दाखवला. वरचं चामडं आणि तळ यांच्यामध्ये कडेनं चामड्याची एक पट्टी शिवलेली होती. तळ झिजला की टाके उसवायचे आणि नवा तळ त्याच पट्टीला शिवायचा, वरचा भाग तसाच राहतो. मी सॉफ्टवेअरवाला, मला हे लगेच पटलं. एक भाग बिघडला म्हणून सगळं फेकून द्यावं लागत नाही.

त्या रात्री मी पोलिश बुटांचा इतिहास वाचत बसलो. चौदाव्या शतकात युरोपात लांब, टोकदार बुटांची फॅशन होती. इंग्लंडमध्ये त्यांना क्राकूव्ह शहरावरून नाव पडलं, तर फ्रान्समध्ये 'पूलेन', म्हणजे पोलिश. टोकं इतकी वाढली की १४६३ मध्ये इंग्लंडने कायदा करून सामान्य माणसांना दोन इंचांपेक्षा लांब टोक घालायला बंदी केली.

यान किलिन्स्की हे नावही मला तेव्हाच सापडलं. हा वॉर्सातला जोडे शिवणारा. एप्रिल १७९४ मध्ये कोश्चुश्कोच्या उठावात वॉर्साच्या लोकांनी रशियन फौजेला शहराबाहेर काढलं, त्यात किलिन्स्की पुढे होता. कोश्चुश्कोने त्याला कर्नल केलं. १९३६ मध्ये त्याचा पुतळा उभा राहिला. १९४२ मध्ये जर्मनांनी तो काढून राष्ट्रीय संग्रहालयात डांबला, तेव्हा एका तरुणाने संग्रहालयाच्या भिंतीवर लिहून टाकलं, की किलिन्स्की इथेच आहे. आज तो पुतळा जुन्या शहराच्या कडेला उभा आहे, हातात तलवार घेऊन.

पुतळा टिकला, धंद्याचं मात्र तसं झालं नाही. क्राकूव्हच्या पश्चिमेला हेउमेक नावाचं गाव आहे. १९३०च्या दशकात बाटा कंपनीने तिथे कारखाना काढला, कामगारांसाठी वसाहत बांधली. युद्धानंतर कारखाना सरकारी झाला. १९८९ नंतर बाजार खुला झाला, स्वस्त परदेशी माल आला आणि असे मोठे कारखाने एकेक करून बंद पडले. उरल्या त्या बहुतेक छोट्या कंपन्या आणि कार्यशाळा.

दुकानात गेल्यावर हे सगळं दिसत नाही. युरोपियन नियमानुसार बुटावर सामग्रीचं चिन्ह लागतं, ताणलेल्या कातड्याचा आकार म्हणजे चामडं. पण बूट कुठे शिवला हे सांगण्याची सक्ती नाही. नाव पोलिश आणि माल बाहेरचा, असंही असू शकतं. म्हणून विचारावं लागतं.

मी विचारून घेतले. किंमत माझ्या जुन्या बुटांच्या तिप्पट होती. ती दर महिन्याला बूट घेणाऱ्याला परवडणार नाही, पण दर वर्षी स्वस्त जोडी फेकणाऱ्याने एकदा हिशेब करून पाहावा. शिवाय गावात शिवणारे हात राहिले, तरच दुरुस्त करणारे हात राहतात. आजोबांनंतर त्या दुकानात कोण बसणार, हे मला माहीत नाही.

मी मूळचा कोल्हापूरचा. जवळच्या वळिवड्याला १९४३ ते १९४८ या काळात सुमारे ५,००० पोलिश निर्वासित राहिले, लहानपणी मला पोलंड एवढंच माहीत होतं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक काका जोडे शिवत बसायचे. शाळेतून येताना तुटलेली चप्पल मी त्यांच्याकडे पायानेच सरकवायचो. कुणी मला टोकलं नाही, कारण त्यांची जात सगळ्यांना माहीत होती. किलिन्स्कीच्या पुतळ्यासमोर उभा राहिलो, तेव्हा मला तीच चप्पल आठवली.

या हिवाळ्यात माझ्या पोलिश बुटांना नवा तळ लागला. बूट मी आजोबांच्या हातात दिले. दिवाळीला घरी गेल्यावर काकांचं दुकान अजून आहे का, ते बघायचं आहे.