भाडेकराराची नोंदणी (महाराष्ट्र)

महाराष्ट्रात घर भाड्याने किंवा 'लिव्ह अँड लायसन्स' तत्त्वावर देताना करार लेखी असणे आणि त्याची नोंदणी होणे बंधनकारक आहे. ही तरतूद महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ मध्ये आहे. हा अधिनियम ३१ मार्च २००० रोजी अमलात आला व त्याने मुंबई भाडे अधिनियम, १९४७ ची जागा घेतली.

घरमालकाची जबाबदारी

नोंदणी करून घेण्याची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणीकृत लेखी करार नसल्यास, अटी व शर्तींबाबत भाडेकरूचे म्हणणे, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. या तरतुदीचा भंग करणाऱ्या घरमालकास ३ महिन्यांपर्यंत कारावास, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

अकरा महिन्यांचे करार

नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार एक वर्षाहून अधिक मुदतीच्या भाडेपट्ट्यांची नोंदणी सक्तीची आहे. त्यामुळे ११ महिन्यांच्या करारास नोंदणी लागत नाही, असा समज आढळतो. परंतु कलम ५५ मध्ये मुदतीची कोणतीही मर्यादा नसल्याने महाराष्ट्रात अशा करारांचीही नोंदणी आवश्यक ठरते.

मुदत संपल्यानंतर

राहण्यासाठी लायसन्सवर दिलेल्या घराचा ताबा मुदतीअखेर न मिळाल्यास, कलम २४ नुसार घरमालक सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करू शकतो. मुदतीनंतर घर न सोडणाऱ्या व्यक्तीस, ताबा परत घेतला जाईपर्यंत, ठरलेल्या शुल्काच्या दुप्पट दराने नुकसानभरपाई द्यावी लागते. अशा अर्जात लेखी करार हा त्यातील तथ्यांचा निर्णायक पुरावा मानला जातो.