मूत्रपिंडाचे सजीव सूक्ष्मदर्शन

प्राणी जिवंत असताना, रक्तप्रवाह चालू असलेल्या मूत्रपिंडातील पेशी, केशिका व मूत्रनलिका सूक्ष्मदर्शकाने पाहण्याचे संशोधनतंत्र. कराड, सांगली किंवा मिरजेच्या रुग्णाची बायोप्सी होते तेव्हा सुईने काढलेला तुकडा फॉर्मॅलिनमध्ये टाकून, मेणात बसवून, काप रंगवून तपासतात. झालेली हानी त्यात दिसते; पण उसाच्या फडात घोणस चावलेल्या माणसाचे मूत्रपिंड कोणत्या क्रमाने निकामी होत गेले, ते त्या कापात शोधून सापडत नाही.

चालत्या मूत्रपिंडात डोकावण्याची धडपड जुनी आहे. पेनसिल्व्हेनियात वेर्न व रिचर्ड्स यांनी बेडकाच्या केशिकागुच्छातून (रक्त गाळणाऱ्या केशिकांच्या गुंत्यातून) काचेच्या अतिसूक्ष्म नळीने गाळलेला द्रव काढला (१९२४). सध्याच्या तंत्राचा पाया मात्र द्विफोटॉन सूक्ष्मदर्शकाचा. मारिया ग्यॉपर्ट-मायर यांनी १९३१ मध्ये मांडलेल्या सिद्धांतावर डेंक, स्ट्रिकलर व वेब यांनी १९९० मध्ये तो उभा केला. अवरक्त लेसरचे दोन फोटॉन एकाच क्षणी शोषले गेले तरच रंगद्रव्य चमकते आणि हे बहुतांशी नाभीपाशीच (लेसर एकवटतो त्या बिंदूपाशीच) घडते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, वेब यांच्याबरोबर काम केलेल्या सुदीप्त मैती यांच्या गटाने बहुफोटॉन सूक्ष्मदर्शन रुजवले; मात्र त्यांचा भर सिरोटोनिनसारख्या मेंदूशी निगडित प्रश्नांवर राहिला.

मूत्रपिंडासाठी हे तंत्र बसवण्याचे मोठे श्रेय इंडियाना विद्यापीठातील डन, मोलिटोरिस व सहकाऱ्यांकडे जाते (२००२). भूल दिलेल्या उंदराच्या कुशीला छेद देऊन मूत्रपिंड बाहेर घेतात आणि उलट्या सूक्ष्मदर्शकावर कोमट क्षारजलात टेकवतात. मोठ्या रेणूचे डेक्स्ट्रान (एक बहुशर्करा) रक्तातच राहते, लहान रेणूचे गाळून नलिकेत उतरते; दोन्हींना वेगळे रंग दिले की गाळणी डोळ्यांदेखत चालू दिसते. तांबड्या रक्तपेशी रंग घेत नाहीत. उजळ केशिकेतून त्या काळ्या ठिपक्यांसारख्या धावतात आणि त्यांवरून प्रवाहाचा वेग मोजता येतो. रंगद्रव्य जोडलेले जेंटामायसिन हे प्रतिजैविक नलिकापेशींत शिरतानाही असेच पाहिले गेले.

या तंत्राने सर्वांत मोठा वाद अल्ब्युमिनवरून पेटवला. निरोगी मूत्रपिंड हे प्रथिन जवळपास अडवून धरते, अशी समजूत होती. सूक्ष्मनळीच्या प्रयोगांत त्याचा गाळण-गुणांक (गाळलेल्या द्रवातील व रक्तद्रवातील प्रमाणांचे गुणोत्तर) सुमारे ०.०००६ आला होता. २००७ मध्ये रुसो, कॉम्पर व सहकाऱ्यांनी द्विफोटॉन मापनातून तो ०.०३४ सांगितला, म्हणजे पन्नासपटींहून जास्त. टॅनर यांनी २००९ मध्ये तो ०.००२ ते ०.००४ मोजला आणि नाभीबाहेरचा प्रकाश शोधकात शिरल्यास आकडा फुगतो, हे दाखवले. पेटी-पेटरडी यांचे स्वतंत्र मापनही कमीच आले. वाद सर्वस्वी मिटलेला नाही. तरी शोधकाची मांडणी न सांगता दिलेला आकडा ग्राह्य धरू नये, एवढे त्यातून पक्के झाले.

पुढे एकच केशिकागुच्छ अनेक दिवस पुन्हा पुन्हा पाहून, केशिकांना बाहेरून वेढणाऱ्या पोडोसाइट पेशी स्थलांतर करतात, हे आढळले (२०१३). झुरिचमध्ये अँड्र्यू हॉल यांच्या गटाने, रंग न घालता, पेशींच्या स्वयंदीप्तीवरून मायटोकाँड्रियांची स्थिती टिपली.

खोली ही या तंत्राची खरी अडचण. रक्त व नलिकापेशी प्रकाश शोषतात, विखुरतात. त्यामुळे सुमारे १०० ते १५० मायक्रोमीटरपलीकडे चित्र गढूळ होते. बहुतेक उंदरांचे केशिकागुच्छ त्याहून खोल असतात, म्हणूनच पृष्ठभागालगत काही गुच्छ असलेल्या म्युनिक-विस्टार जातीला एवढा भाव आहे. श्वासाची हालचाल व लेसरची उष्णता हे त्रास वेगळेच. मूत्र संहत करणारा मध्यभाग या भिंगांच्या आवाक्याबाहेर राहतो.