सोळावं अक्षर

शुक्रवार, ६ मार्च १९४२ची संध्याकाळ. हेग शहरातल्या फारेनहाइटस्ट्राट या रस्त्यावर तुम्ही उभे आहात. नेदरलँड्स जर्मनांच्या ताब्यात जाऊन दोन वर्षं होत आली आहेत. कडेला गाड्या थांबल्यात. आत माणसं बसलेली दिसतात, उतरत मात्र कुणी नाही. वरच्या एका घरात ह्यूब लाउवर्स लंडनशी बोलायची ठरलेली वेळ होण्याची वाट पाहतोय. 'स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह' या ब्रिटनच्या गुप्त संघटनेनं चार महिन्यांपूर्वी त्याला पॅराशूटनं या देशात उतरवलं. त्याचं यंत्र कुठून बोलतं हे जर्मनांनी लहरींच्या दिशेवरून हुडकून काढलंय. गाड्यांची कुणकुण लागताच तो बाहेर पडतो आणि पकडला जातो. जवळ सांकेतिक भाषेतले तीन संदेश आहेत. यंत्रही सापडतं.

तुम्ही कुणाला दिसत नाही, तेव्हा त्याच्यामागोमाग आत चला. समोर मेजर हर्मान गिस्केस आहे, जर्मन लष्करी हेरखात्यातला. लाउवर्सचा जीव घेण्यात त्याला रस नाही. त्याला हवी आहे ती लंडनशी असलेली चालू जोडणी. वारंवारता तीच, वेळ तीच, संकेत तोच आणि हातही तोच. मोर्सची कळ दाबणाऱ्या प्रत्येकाचा हात वेगळा असतो. कुणाची रेघ लांबते, कुणी दोन टिंबांमध्ये किंचित अडखळतो. पलीकडे कानाला हेडफोन लावून बसलेल्यांना तो हात ओळखू येतो. म्हणून कळ लाउवर्सनंच दाबायला हवी.

आणखी एक गोष्ट गिस्केसला ठाऊक आहे: अशा संदेशकांकडे एक गुप्त खूण असते. ती काय, असं तो विचारतो. आता लाउवर्सकडे नीट पाहा. प्रत्येक संदेशातलं सोळावं अक्षर मुद्दाम चुकवायचं, ही त्याची खरी खूण. सापडलेल्या संदेशांपैकी दोनांत हे सोळावं अक्षर योगायोगानं 'स्टॉप' या शब्दातला 'ओ' होता. नियमाप्रमाणे त्यानं एकदा त्याचा 'आय' केला होता, एकदा 'ई'. कागद तर समोरच आहेत. तो सांगतो, "स्टॉप शब्दातला ओ बदलायचा, हीच माझी खूण." गिस्केसला ते पटतं. इतक्या घाईत, इतक्या भीतीत एखादा माणूस इतकं स्वच्छ खोटं बोलू शकतो, हे पाहून तुमचाही श्वास क्षणभर अडकेल.

१२ मार्चला तो पुन्हा कळेवर बसतो. शेजारी पहारा. तो 'स्टॉप' बिघडवतो आणि सोळावं अक्षर बिनचूक ठेवतो. त्याच्या दृष्टीनं ही आरोळी आहे. प्रशिक्षणात त्याला हेच शिकवलं होतं: खूण गळली की लंडनला कळेल.

आता समुद्र ओलांडा आणि लंडनमध्ये बेकर स्ट्रीटवरच्या कचेरीत, संदेश घेणाऱ्यांच्या बाजूला या. माझ्या मते खरी चूक या खोलीत घडते, हेगमध्ये नाही. संदेश येतो. हात ओळखीचा आहे. संकेत बरोबर उलगडतो. खूण तेवढी नाही. ती नाही हे इथे दिसतं, आणि तरीही जोडणी चालू ठेवली जाते. रेडिओवर अक्षरं गाळली जातात, दमलेला माणूस विसरतो, पकडला गेला असता तर काहीतरी वेगळं जाणवलं असतं, अशी कारणं इथे प्रत्येकाकडे तयार आहेत. शिवाय हॉलंडमधलं काम एकदाचं मार्गी लागतंय, ते थांबवावं असं कुणाला वाटेल? लंडन उलट कळवतं की नवा माणूस पाठवतोय. मार्च सरायच्या आत आर्नोल्ड बाटसन पॅराशूटनं उतरतो. त्याला उतरवून घ्यायला जमलेली माणसं गिस्केसची असतात.

इथून पुढची दोन वर्षं मी तुम्हाला भरभर नेतो, कारण पुन्हा पुन्हा तेच घडतं. लंडन माणूस पाठवतं, जर्मन त्याला झेलतात, त्याच्या यंत्रावरून आणखी एक जोडणी उभी राहते. लाउवर्स संदेशाच्या आगेमागे भरतीसाठी घालायच्या निरर्थक अक्षरांत 'पकडलो गेलो' या अर्थाचा इंग्रजी शब्द तुकड्यांत पेरतो. तोही कुणी वाचत नाही. पन्नासहून अधिक माणसं या सापळ्यात सापडली. त्यांतल्या बहुतेकांना १९४४च्या सप्टेंबरमध्ये माउटहाउजनच्या छळछावणीत ठार केलं गेलं. लाउवर्स स्वतः वाचला.

मध्ये एकदा थांबू या, १९४३ सालात. लंडनमध्ये याच संघटनेच्या संकेतविभागाचा प्रमुख लिओ मार्क्स हा तरुण मुलगा आहे, बावीस-तेवीस वर्षांचा. त्याला वेगळंच खटकतं. इतर देशांतून येणारे संदेश भीतीनं, घाईनं बिघडलेले असतात. उलगडता उलगडत नाहीत. हॉलंडचे मात्र नेहमी नीटनेटके. जिवाच्या भीतीत लिहिणारा माणूस कधीच चुकत नाही? मग तो एक परीक्षा घेतो. त्यानं आपल्या आठवणींत लिहिलं आहे की एका संवादाच्या शेवटी त्यानं 'एचएच' ही अक्षरं पाठवायला लावली. जर्मन संदेशक एकमेकांचा निरोप घेताना हिटलरच्या जयजयकाराची ही दोन अक्षरं सवयीनं वापरत. पलीकडून क्षणात उत्तर आलं: एचएच. मला ही युक्ती फार मोलाची वाटते. सुरुवातीला दिलेल्या ओळखीवर न विसंबता त्यानं जोडणी चालू असतानाच पुन्हा विचारलं, 'तू कोण?'

याच वर्षी जूनमध्ये फ्रान्समध्ये गिल्बर्ट नॉर्मन हा संदेशक पकडला जातो. त्याच्या नावानं गेलेल्या संदेशात दुसरी, खरी खूण नसते. लंडनचं उत्तर तुमच्या डोळ्यांदेखत टाइप होतंय: दुसरी खूण विसरलास, पुढच्या वेळी काळजी घे. ते वाचणाऱ्या जर्मनांना, अशी दुसरी खूण असते, हे लंडननंच सांगून टाकलं.

आता या तुमच्या खुर्चीत. तुम्ही सर्व्हरचा कोड लिहिता. शेअरचे भाव, गप्पांचं ॲप, रिक्षा कुठवर आली ते दाखवणारा नकाशा, असं काहीतरी. यामागे वेबसॉकेट आहे. डिसेंबर २०११मध्ये आरएफसी ६४५५ म्हणून त्याचं प्रमाणीकरण झालं. ब्राउझर साधी एचटीटीपी विनंती पाठवतो, त्यात 'अपग्रेड' मागतो, सर्व्हर १०१ म्हणतो, आणि मग तीच जोडणी दोन्ही बाजूंनी बोलायला तासन् तास उघडी राहते. त्या हस्तांदोलनात 'सेक-वेबसॉकेट-की' नावाची सोळा बाइटांची यादृच्छिक किल्ली असते. ती फक्त समोरचा सर्व्हर हा प्रोटोकॉल खरोखर बोलतो का, एवढंच तपासते. ग्राहकाची ओळख कशी पटवायची, याची ठरावीक पद्धत त्या मानकात दिलेलीच नाही. ते काम तुमच्यावर सोडलं आहे.

हेग इथे आडवं येतं. ब्राउझर हस्तांदोलनासोबत कुकी आपोआप पाठवतो, आणि कुकीवर तसं बंधन नसेल तर दुसऱ्या कुणाच्या पानावरूनही. कुकी खरी, वापरकर्ता खरा, लॉगिनही खरं; पण कळ दाबायला लावणारं पान भलत्याच साइटचं. इतर विनंत्यांवर ब्राउझर जी 'एकाच उगमाची' बंधनं घालतो, ती वेबसॉकेटवर लागू होत नाहीत. तो एक खूण मात्र प्रामाणिकपणे पाठवतो: 'ओरिजिन' हेडर, म्हणजे हे पान कुठून आलं. लाउवर्सच्या बिनचूक सोळाव्या अक्षरासारखंच ते दर वेळी तुमच्या समोर येतं. ते न तपासणारा सर्व्हर बेकर स्ट्रीटवरच्या त्या खोलीत बसलेला असतो.

कुकी नको म्हणून टोकन द्यायला जाल, तर ब्राउझरचा वेबसॉकेट कन्स्ट्रक्टर तुम्हाला 'ऑथोरायझेशन' हेडर लावू देत नाही. मग कित्येक जण टोकन पत्त्यातच चिकटवतात आणि ते लॉगमध्ये साठत जातं. त्यापेक्षा मार्क्सनं जे केलं ते करा. त्यानं संदेशकांना रेशमी कापडावर छापलेल्या एकदाच वापरायच्या किल्ल्या दिल्या. किल्ली वापरली की तेवढा तुकडा कापून जाळायचा. तुम्हीही आधी साध्या एचटीटीपीवर ओळख पटवून मोजक्या सेकंदांचं, एकदाच चालणारं तिकीट द्या आणि सॉकेट उघडताच पहिला संदेश म्हणून तेच मागा. ते आलं नाही, तर कोड १००८नं जोडणी बंद करा. काय चुकलं याचं स्पष्टीकरण देऊ नका. नॉर्मनला आलेलं उत्तर आठवा.

उघडल्यावरही काम संपत नाही. पिंग-पाँग पलीकडे कुणीतरी जागं आहे एवढंच सांगतं, कोण ते नाही. वापरकर्त्यानं दुसऱ्या टॅबमध्ये लॉगआउट केलं, त्याची परवानगी काढून घेतली, टोकनची मुदत संपली, तरी जुना सॉकेट तसाच वाहत राहतो. सत्र संपलं की त्याचे सगळे सॉकेटही तोडा, आणि परवानगी प्रत्येक संदेशागणिक तपासा.

आज एकच काम करा. वेबसॉकेटचा एखादा साधा टर्मिनल-क्लायंट उघडा, आपल्या लॉगिनची खरी कुकी द्या, ओरिजिनच्या जागी मुद्दाम दुसरीच साइट लिहा आणि जोडून पाहा. १०१ आलं, तर तुमचा सर्व्हर खूण पाहून सोडून देतोय. ते उद्यावर टाकू नका.