जोडीने जलप्रवास

आमच्या लग्नाला चाळीस वर्षे झाली तेव्हा अमेरिकेतल्या कन्येने फोनवरून एक बेत सुचवला. "बाबा, तुम्ही दोघं इकडे या. मायामीला बोटीत बसा आणि आठवडाभर कॅरिबियन बेटं फिरून या."

कॅरिबियन हा शब्द कानी पडताच माझ्या डोळ्यांसमोर निळे पाणी आले नाही. आले ते पोर्ट ऑफ स्पेनचे मैदान. आमच्या पिढीतल्या दादर-परळच्या मुलांना वेस्ट इंडीजचा भूगोल शाळेने शिकवला नाही, तो १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने शिकवला. शिवाजी पार्कचा कप्तान, ताडदेवचा सुनील गावसकर, मडगावात जन्मलेला दिलीप सरदेसाई! गावसकरांच्या चार कसोट्यांतल्या ७७४ धावा आम्हांला पाढ्यासारख्या पाठ होत्या आणि किंग्स्टन, ब्रिजटाऊन ही गावे राजापूर-खारेपाटणइतकी ओळखीची झाली होती.

पण व्हिसाची यातायात, विमानातला दिवसभराचा मुक्काम आणि माझे गुडघे यांचा विचार करून सौ.ने वेगळाच तोडगा काढला. "अहो, त्यापेक्षा मुंबईहूनच बोटीने गोव्याला जाऊ. आणि गंमत म्हणजे ही बोट आधी कॅरिबियनमध्येच फिरत होती म्हणे."

मी इतिहासाचा मास्तर. ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवण्याची सवय नाही. शोधून पाहिले, तर बाई खरे बोलत होती. 'एम्प्रेस' नावाची ही बोट १९९० साली फ्रान्समध्ये बांधली गेली. तिने अमेरिकेच्या किनाऱ्यावरून उतारू घेऊन बहामा-कॅरिबियनच्या असंख्य वाऱ्या केल्या, अखेरच्या काही वर्षांत क्यूबालाही गेली, आणि कोविडच्या साथीत जुन्या मालकांनी विकल्यावर २०२१ च्या सप्टेंबरात मुंबई-गोवा मार्गावर आली. कोलंबस १४९२ साली हिंदुस्थान शोधायला निघाला आणि वेस्ट इंडीजला पोहोचला. ही बोट वेस्ट इंडीजहून निघाली आणि हिंदुस्थानला पोहोचली. पाचशे वर्षांनी का होईना, कोणीतरी त्या खलाशाची चूक दुरुस्त केली म्हणायची!

तेव्हा २०२२ च्या डिसेंबरात एका दुपारी आम्ही दोघे लालबागहून टॅक्सी करून बॅलार्ड पियरला गेलो. बोट पाहिली आणि मान वर करून करून दुखू लागली. सातशे फुटांच्या आसपास लांबी, सुमारे आठशे खोल्या, पोहण्याचा तलाव, नाटकगृह. आमच्या चाळीतले सगळे मजले आत घातले असते तरी जागा उरली असती. आमच्या वाट्याला एक छोटी, नीटनेटकी केबिन आली.

ज्या बोटीला कुठे पोहोचायचे नाही, नुसते फिरवून आणायचे आहे, अशा बोटींचा धंदा तसा अलीकडचा. १९५८ साली अटलांटिकवरून जेट विमाने उतारू नेऊ लागली आणि मोठमोठ्या प्रवासी बोटी ओस पडल्या. पोटासाठी मग त्यांनी सहलीचा मार्ग धरला. १९६६ च्या डिसेंबरात 'सनवर्ड' ही बोट मायामीहून बेटांकडे निघाली आणि पुढे त्या उद्योगाचे पीक आले. विमानाने बोटीचे काम हिरावले, तेव्हा बोटीने करमणुकीचा पेशा पत्करला.

आमच्या कोकणात मात्र बोट करमणुकीची कधीच नव्हती.

संध्याकाळी भोंगा झाला, धक्का मागे सरकू लागला आणि मी नकळत उत्तरेकडे, भाऊच्या धक्क्याच्या दिशेला पाहू लागलो. लक्ष्मण हरिश्चंद्र तथा भाऊ अजिंक्य यांनी १८४० च्या सुमारास उतारूंच्या सोयीसाठी धक्का बांधला. आज त्या नावाने ओळखली जाणारी जागा मूळची नव्हे, पण नाव टिकले. कोकणातल्या किती घरांचा इतिहास त्या नावापाशी सुरू होतो! १८५० च्या दशकात ताडदेवला पहिली कापडगिरणी निघाली, पुढे परळ-लालबागच्या आकाशात चिमण्या उभ्या राहिल्या आणि त्या गिरण्यांना माणसे लागली. ती आली मुख्यतः त्या काळच्या रत्नागिरी जिल्ह्यातून, म्हणजे आजचा सिंधुदुर्ग धरून. सह्याद्रीचे घाट आणि खाड्या ओलांडत पायी येण्यापेक्षा समुद्र जवळचा. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे म्हणजे आमची स्टेशने. पुष्कळ ठिकाणी बोट धक्क्याला लागत नसे. ती खोल पाण्यात उभी राही, पडाव तिला जाऊन भिडत आणि पत्र्याची ट्रंक, वळकटी, फणस, पोर, म्हातारी असा सगळा ऐवज हातोहात खाली उतरे. पावसाळ्यात कोकणची बोट बंद. ती नारळी पुनवेनंतर, दर्या शांत झाल्यावर पुन्हा सुरू होई.

"बोट इली!" ही हाक ऐकून सड्यावरून पोरे धावत सुटत. पण बोटीतून उतरायचा तो बहुधा एकटा पुरुष आणि बोटीत चढायचा तोही एकटा पुरुष. १९२१ सालच्या खानेसुमारीत मुंबईत हजार पुरुषांमागे बायका होत्या सव्वापाचशेच्या आसपास. एवढ्याशा पगारात खोली घेऊन बिऱ्हाड करणे परवडणारे नव्हते, आणि गावाकडे जमिनीचा तुकडा सांभाळायला कोणीतरी हवेच होते. म्हणून एका गावच्या पंधरा-वीस जणांनी लालबाग-गिरगावात एक खोली घ्यायची, पाळीपाळीने झोपायचे, खाणावळीत जेवायचे आणि महिन्याकाठी मनीऑर्डर धाडायची. मनीऑर्डर टपाल खात्याने १८८० साली सुरू केली. कोकणातला संसार शंभर वर्षे तिच्यावर चालला. धोबीतलावच्या गोवेकरांच्या 'कूड' नावाच्या क्लबांची तीच तऱ्हा. गावातला तारवटी तिथे पेटी ठेवायचा आणि परदेशी बोटीवर नोकरी लागेपर्यंत दिवस काढायचा. बायको गोव्यात.

सांगायचा मुद्दा असा, की बोट आमच्याकडे नवरा-बायकोची ताटातूट करणारी. त्या दोघांनी मिळून बोटीत बसावे, असा प्रसंग बहुधा संकटातच येई.

आनंदीबाई जोशींचे उदाहरण पाहा. ७ एप्रिल १८८३ रोजी त्या कलकत्त्याहून अमेरिकेला निघाल्या, तेव्हा समुद्र ओलांडणे हेच पाप मानले जाई. वय अठरा, आणि गोपाळराव बरोबर नव्हते. ते मागाहून गेले. १८८६ च्या मार्चमध्ये बाई डॉक्टर झाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पतिपत्नी एका बोटीने मायदेशी परतली, ती बाईंचा क्षय बळावलेला असताना. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे देहावसान झाले. त्यांच्याविषयी वर्गात शिकवताना मला दर वेळी त्या परतीच्या बोटीची आठवण येई. कारण तसाच एक प्रवास आमच्या घरातही घडला होता.

माझे आजोबा परळच्या एका गिरणीत होते. आजी देवगडजवळच्या आमच्या गावी. लग्नानंतरच्या पंचवीस वर्षांत ती मुंबईला एकदाच आली, १९५१ साली. आजोबांच्या छातीत कापसाची तूस बसली होती, खोकला थांबेना, गावकीतल्या कोणीतरी पत्र लिहिले. त्या वेळी कोकणातल्या बायका बोटीला फार भीत. १९२७ च्या ११ नोव्हेंबरला 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन्ही बोटी एकाच दिवशी वादळात गेल्या, त्याच्या कथा आजीने लहानपणीच ऐकल्या होत्या. आणि १७ जुलै १९४७ तर अगदी ताजा होता. गटारी अमावास्येचा दिवस. पावसाळा असला तरी रेवसची फेरी चालू असे. 'रामदास' बोट सकाळी भाऊच्या धक्क्यावरून निघाली आणि तासाभराच्या आत काशाच्या खडकाजवळ कलंडली. सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या चार आठवड्यांवर आले असताना गिरगाव-लालबागच्या कितीतरी चाळींत त्या दिवशी चूल पेटली नाही.

तरी आजी बोटीत बसली. एकटी आली आणि नवऱ्याला घेऊन परत निघाली. डेकवर वळकटी पसरून दोघे रात्रभर बसून होती. बोट लागू नये म्हणून आजी लिंबू हुंगत होती. आजोबा पुढे दीड वर्षाने गेले. मी काही त्यांना पाहिले नाही. पण आजी मला सांगायची, "त्या राती ते माझ्याशी जेवढे बोलले, तेवढे आयुष्यात कधी बोलले नाहीत. देवगड येऊच नये असं वाटत होतं."

ही गोष्ट मी सौ.ला पूर्वी सांगितली नव्हती असे नाही. पण त्या रात्री, आतला गाण्याबजावण्याचा धुमाकूळ सोडून आम्ही वरच्या डेकवर आलो, तेव्हा ती पुन्हा ऐकावीशी वाटली तिला. अंधारात किनारा दिसत नव्हता, मच्छीमारांच्या होड्यांचे दिवे तेवढे लुकलुकत होते. डावीकडे, त्या काळोखापलीकडे कुठेतरी देवगड होते. सौ. बराच वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आपलंही काही वेगळं झालं नाही हो. आपण तरी कुठे गेलो?"

खरे होते. आमचे लग्न १९८२ च्या मे महिन्यातले. १८ जानेवारीपासून गिरण्यांचा संप चालू होता, माझे वडील संपात होते, घरात पगार यायचा तो माझा एकट्याचा. लग्नानंतर जोडीने जेजुरी केली, तीच सहल. पुढे मुले, त्यांची शिक्षणे. तोवर इकडे कोकणची बोटही संपली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस ती बंद पडली, आणि २६ जानेवारी १९९८ रोजी कोकण रेल्वे पूर्ण धावू लागल्यावर तिची आठवण काढायचेही कारण उरले नाही. २०१८ च्या ऑक्टोबरात कान्होजी आंग्र्यांच्या नावाची 'आंग्रिया' मुंबई-गोवा मार्गावर सुरू झाली, तेव्हा पेन्शनीतून पैसे बाजूला टाकू लागलो होतो. पण कोविडमध्ये तीही थांबली.

"आता आलो ना," मी म्हणालो. माझ्याजवळ यापेक्षा चांगले उत्तर नव्हते.

सकाळी केबिन झाडायला एक तरुण आला. आमचे बोलणे ऐकून मराठीत म्हणाला, "आजी, चहा आणून देऊ?" रत्नागिरी जिल्ह्यातला निघाला. पंचवीस-सव्वीस वर्षांचा. एकदा बोटीवर चढले की महिनोन् महिने घरी जाता येत नाही, बायको गावी, मुलगी आठ महिन्यांची. सौ.ने विचारले, "मग दिवाळीला?" तो चादरीच्या घड्या घालत हसला. "पाडव्याला तिनं फोनलाच ओवाळलं. फोन पाटावर ठेवला, म्हणजे पाटावर मीच बसलोय असं. मी इकडून नमस्कार केला. ओवाळणी खात्यात टाकली."

पूर्वी मनीऑर्डर होती, आता फोन आहे, एवढाच फरक! आमच्यासारखी शेकडो जोडपी आठशे खोल्यांत मजेत झोपली होती. पण त्या खोल्या झाडणारे, स्वयंपाक करणारे, इंजिनाशी राबणारे पुष्कळ हात आपापली जोडी किनाऱ्यावर ठेवून आले होते. कॅरिबियनच्या बोटीही अशाच हातांवर चालतात, आणि त्यांत आमच्या गोव्याचे हात पुष्कळ आहेत. ताटातुटीची ती बोट बंद पडली आहे, असे मी मघापर्यंत समजत होतो. ती चालूच होती. मी फक्त तिच्या वरच्या डेकवर येऊन बसलो होतो.

म्हणून सहलीची मजा कमी झाली असे मात्र मी म्हणणार नाही. मजा आलीच. मुरगावला उतरलो, मडगावात मासे जेवलो. उतरण्यापूर्वी सौ.ने त्या मुलाच्या हातावर पाचशेची नोट ठेवली. बक्षीस म्हणून नव्हे. "मुलीला खाऊ," म्हणाली. तो म्हणाला, "आजी, एकदा बायकोला आतून बोट दाखवायचीय. तिला फोटोतच माहीत आहे." केव्हा, हे त्याने सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही.

घरी आल्यावर कन्येचा फोन. "कॅरिबियनला कधी येताय?" सौ. म्हणाली, "पाहू. आमचं निम्मं कॅरिबियन झालं."

वाचकहो, पाडव्याचा दिवस आपल्याकडे जोडीचा. यंदा ओवाळणी घालताना शेजारच्या पाटाकडेही जरा पाहा. ज्या घरात पाटावर माणसाऐवजी फोन ठेवलेला असेल, त्या घरी फराळाचे एक ताट अवश्य पाठवा. आमच्या आजीला तसे ताट कोणी ना कोणी दर वर्षी पाठवीत असे. ती ते शेवटपर्यंत विसरली नाही.