चीफ्स स्पेशल
स्मिथ अँड वेसन या अमेरिकी कंपनीने १९५० मध्ये बाजारात आणलेले, कपड्यांआड सहज लपणारे छोटे रिव्हॉल्व्हर. १९५७ पासून ‘मॉडेल ३६’. .३८ स्पेशल काडतुसाच्या या शस्त्राच्या सिलिंडरमध्ये सहाऐवजी पाचच घरे ठेवल्याने जाडी घटली. नळी जेमतेम दोन इंचांची. खिशातून काढताना घोड्याचे टोक अस्तरात अडके, म्हणून १९५२ च्या ‘सेंटेनियल’मध्ये घोडा सांगाड्यातच झाकला. मात्र वजन कमी म्हणून हाताला धक्का जोराचा बसतो, चाप जड लागतो आणि आखूड नळीवर नेम धरणे अवघड जाते. नवशिक्याला हेच सोयीचे, हा दुकानदारी सल्ला म्हणूनच फसवा. पुढे सिग सावर पी३६५ (२०१८) सारख्या, दहा गोळ्यांच्या चपट्या पिस्तुलांनी त्याची बरीचशी जागा घेतली.